उणे दीडशेचा आकडा येतो कुठून?

प्रश्न : कार्बोनिक अनहायड्रेज या प्रथिनाला सल्फोनामाइड औषधे किती घट्ट चिकटतात, हे डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या संगणकीय) पद्धतीने काढतो आहे. स्फटिकरचनेतून औषधाभोवतीच्या ४ अँगस्ट्रॉममधली अमिनो आम्ले घेतली. उत्तर येते उणे १५० किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास. प्रयोगात मात्र उणे ११. चूक कुठे होते?

उत्तर : तुम्ही काढली ती निर्वातातली आकर्षण-ऊर्जा, प्रयोगात मोजतात ती मुक्त ऊर्जा (पाणी आणि एन्ट्रॉपी यांचा हिशेब धरून उरणारी). सल्फोनामाइड इथे प्रोटॉन सोडते आणि ऋणभारित नायट्रोजनने प्रथिनाच्या पोकळीतल्या (औषध बसते त्या खाचेतल्या) धनभारित जस्ताला धरते. निर्वातात हे दोन भार एकमेकांना प्रचंड ओढणारच. पण पोकळीत शिरण्याआधी या आयनाला भोवतालचे पाणी सोडावे लागते, आणि ती किंमत तुमच्या हिशेबात नाही. मोकळ्या औषधाला डायइलेक्ट्रिक स्थिरांक (माध्यम भारांची ओढ किती कमी करते त्याचे माप) ८०, पोकळीला ४ धरून पुन्हा काढा.

रिकाम्या पोकळीचे मॉडेलही तपासा. जस्ताला हिस्टिडीन ९४, ९६ आणि ११९ ही अमिनो आम्ले (आकडे प्रथिनाच्या साखळीतल्या जागांचे) धरून असतात, चौथ्या जागी पाणी किंवा हायड्रॉक्साइड असते. ती जागा उघडी ठेवली की औषध खोटेच घट्ट बसलेले दिसते.

मोकळे औषध आयनरूपात धरले असेल, तर प्रोटॉन काढण्याचा खर्च वेगळा मिळवा. पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून असतात तो आकडा) १० असेल तर पीएच ७.४ ला (१० − ७.४) × १.३६, म्हणजे साधारण ३.५ किलोकॅलरी. हा आकडा किरकोळ समजू नका! खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीने बंधन दहापट बदलते, ३.५ ने जवळजवळ चारशेपट.

४ अँगस्ट्रॉमच्या कापणीत ग्लुटामेट १०६ बाहेर राहिले असण्याची दाट शक्यता आहे. हायड्रोजन बंधात थ्रिओनीन १९९ आपला हायड्रोजन त्याला देते, म्हणूनच औषधाच्या एनएचचा हायड्रोजन स्वीकारू शकते. ग्लुटामेट नसेल तर थ्रिओनीनचा हायड्रोजन भलतीकडे वळतो आणि पोकळीचा एकूण भारही चुकतो. बाजूच्या साखळ्या अल्फा आणि बीटा कार्बनमधल्या बंधावर तोडा, टोक हायड्रोजनने बंद करा, तिथला कार्बन गोठवा. पेप्टाइड बंध कधीच तोडू नका.

बी३एलवायपी (डीएफटीचे एक प्रचलित सूत्र) नुसते वापरू नका, रेणूंमधले क्षीण आकर्षण धरणारी डी३ दुरुस्ती जोडा. नाहीतर फेनिलअॅलॅनीन १३१ आणि ल्युसीन १९८ च्या बाजूचे आकर्षण निसटते.

एवढे करूनही निरपेक्ष आकड्यावर विसंबू नये. समान भाराची, समान सांगाड्याची औषधे घ्या आणि त्यांच्यातला फरक काढा. औषधाची शेपटी लवचीक असेल तर एक स्फटिकरचना पुरत नाही. डायनॅमिक्समधून (अणूंच्या हालचालीच्या संगणकीय नकलेतून) अनेक रचना उचलून प्रत्येकीवर क्यूएम/एमएम (औषधाभोवतीचा भाग क्वांटम पद्धतीने, बाकीचे प्रथिन साध्या बलसूत्रांनी) चालवावे लागते.