महागड्या घडीच्या चाकूतील बारीक उणिवा: काय चालवून घ्यावे, काय परत पाठवावे

आपण न्यू जर्सीत घेतलेल्या टायटॅनियमच्या फ्रेम लॉक चाकूबद्दल (म्हणजे मुठीचाच एक भाग पट्टीसारखा वाकून उघडलेले पाते अडवतो असा चाकू) चार तक्रारी लिहिल्या आहेत. मिटलेल्या अवस्थेत पाते मधोमध न बसता खिशाला अडकवायच्या क्लिपच्या विरुद्ध बाजूला झुकलेले दिसते, लॉक सोडवताना ते चिकटल्यासारखे होते, मुठीवर केसाएवढा ओरखडा आहे आणि धारेची पट्टी टाचेपाशी, म्हणजे मुठीजवळच्या टोकाला, एका अंगाला रुंद तर दुसऱ्या अंगाला अरुंद आहे. पाचशे डॉलर मोजल्यावर हे का सोसावे, हा आपला प्रश्न रास्त आहे. तरीही या चार गोष्टी एका पंक्तीत बसवू नयेत असे मला वाटते. त्यांतली एक तपासल्याशिवाय सोडू नये अशी आहे, दोन आपोआप किंवा थोड्या हातकामाने सुटतील आणि चौथी केवळ आपल्या समाधानाचा प्रश्न आहे.

निर्णय होईपर्यंत या चाकूने काही कापू नका, त्याला धार लावू नका आणि स्क्रूला हात लावू नका. विक्रेते बहुधा न वापरलेलाच चाकू परत घेतात; टॉर्क्स स्क्रूच्या ताऱ्यासारख्या खाचेवर बिट घसरल्याची खूण दिसली, तरी आपली बाजू कमकुवत होते.

सुरुवात लॉकपासून करावी, कारण बोटे शाबूत राहणे त्याच्यावर अवलंबून आहे. पाते सावकाश उघडा आणि लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली किती सरकली आहे ते उजेडात पाहा. नव्या चाकूत तिने बुडाच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग व्यापलेला असेल, तर बैठक चांगली आहे. टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे वापराने ही पट्टी हळूहळू पलीकडे सरकत जाते. म्हणून नवा चाकूच पलीकडच्या कडेला टेकत असेल, तर त्याला पुढे झिजायला जागा उरलेली नाही. त्यानंतर मूठ एका हातात घट्ट धरून, बोटे धारेच्या वाटेतून बाहेर ठेवून, पात्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्थिर दाब द्या. पाते वरखाली किंचितही हलले, तर चाकू परत पाठवा. ही उणीव स्क्रू आवळून जात नाही, कारण तिचे मूळ लॉकच्या पृष्ठाच्या कोनात किंवा पाते ज्या पिनेवर थांबते तिच्या मापात असते. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तिने चांगले लॉकही बिघडते.

आता चिकटण्याबद्दल. टायटॅनियम पोलादावर दाबाखाली घासले की त्याचे सूक्ष्म कण पोलादाला धरून बसतात, आणि नव्या फ्रेम लॉकमध्ये हे फार आढळते. म्हणूनच पुष्कळ निर्माते पट्टीच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवतात, तर काही जण त्या पृष्ठावर कार्बाइडचा थर देतात. आपल्या चाकूत असा तुकडा नाही असे फोटोवरून दिसते. पात्याच्या बुडाचे जे पृष्ठ लॉकला टेकते, ते स्पिरिटने पुसून त्यावर मऊ पेन्सिलीचे शिसे दोन-तीनदा फिरवा. शिशातील ग्रॅफाइट कोरडे वंगण म्हणून काम करते आणि तिथे तेल लावण्यापेक्षा ते बरे, कारण तेलकट लॉक घसरण्याची भीती असते. पुढे काही आठवडे पाते हळू उघडत राहा, मनगटाच्या झटक्याने उघडू नका. दोन्ही पृष्ठे एकमेकांशी जुळली की चिकटणे बहुधा कमी होते. कानस किंवा पॉलिश पेपर मात्र त्या पृष्ठाला लावू नका. तिथला कोन अंशाच्या अपूर्णांकात ठरवलेला असतो आणि एकदा गेलेला धातू परत येत नाही.

पाते मध्यभागी नसण्याचा लोकांना सर्वाधिक त्रास होतो, आणि माझ्या मते त्याची चिंता सर्वात कमी करावी. फ्रेम लॉकची पट्टी ही मुळात एक स्प्रिंग असते. चाकू मिटलेला असताना तिच्यावरची छोटी गोळी पात्याला सतत दुसऱ्या बाजूला ढकलत असते. क्लिप बहुधा पट्टीच्याच बाजूला असते, त्यामुळे पाते क्लिपच्या विरुद्ध बाजूला थोडे झुकणे या रचनेतच आहे. टोक उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी साध्या कागदाची पट्टी सरकवून पाहा. ती कुठेही न अडकता गेली आणि पात्यावर घासल्याची रेघ नसेल, तर हा दोष निव्वळ दृष्टीचा आहे. पाते मुठीला घासत असेल, तर मात्र तो खरा दोष होय.

पिव्हटचा, म्हणजे पाते ज्या आसाभोवती फिरते त्याचा, स्क्रू थोडा सैल करून, पाते मध्यभागी धरून पुन्हा आवळल्याने काही चाकूंत फरक पडतो. पण आपल्या चाकूची रचना आधी जाणून घ्या. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या चाकूत, ज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभापासून फ्रेम लॉकची ही पद्धत रूढ केली, पिव्हटभोवती अचूक मापाचे बुश (धातूची छोटी नळी) असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी ताण बुश पेलते आणि पाते जखडत नाही, त्यामुळे तिथे स्क्रूने जुळवाजुळव करण्यासारखे काही नसते. ज्या चाकूत बुश नाही, तिथे पाव फेऱ्याहूनही कमी फिरवण्याने चाल बदलते. काही निर्माते चाकू खोलायला मुभा देतात, काहींच्या लेखी तेवढ्यानेच हमी संपते. पत्र लिहून आधी विचारावे. स्क्रू जाम असेल, तर जोर करू नका. त्यावर बहुधा निळे लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) असते, आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवले की ते सुटते.

धारेची असमान पट्टी चालवून घेण्याजोगी आहे. महागड्या चाकूंनाही शेवटची धार बहुतेक ठिकाणी माणूस हाताने बेल्टवर काढतो, आणि टाचेपाशी हात किंचित कलला की पट्टी रुंदावते. दोन-तीन वेळा नीट धार लावली की ती सरळ होते. मात्र पात्याचा मूळ उतारच दोन्ही अंगांना सारखा घासलेला नसेल, तर तो धारेच्या दगडाने सुधारत नाही. ओळखण्यासाठी पाते टोकाकडून डोळ्यासमोर सरळ धरा: उतार जिथे सुरू होतो त्या दोन्ही बाजूंच्या रेषा समोरासमोर नसतील आणि टोक मध्यरेषेवरून सरकलेले दिसेल, तर तक्रार जरूर करा. धार लावताना हिऱ्याची प्लेट वापरा. एस३०व्ही किंवा मॅग्नाकट यांसारख्या पोलादांत सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असते, आणि त्याचे कार्बाइड (कार्बनशी जुळून झालेले कण) नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाहून कठीण असतात.

ओरखड्याबद्दल थोडक्यात सांगतो. मूठ साधी ब्लास्ट केलेली (बारीक कणांच्या माऱ्याने निस्तेज केलेली) असेल, तर असा ओरखडा खिशातल्या किल्ल्यांनी पडणाऱ्या खुणांत मिसळून जाईल. मूठ रंगीत असेल, तर घासून तो काढण्याचा प्रयत्न करू नका. तो रंग लावलेला नसतो. विजेच्या दाबाने टायटॅनियमवर चढवलेल्या ऑक्साइडच्या थराच्या जाडीमुळे तो दिसतो, आणि घासल्यावर थरच जातो. ओरखडा पहिल्या दिवसापासून आहे आणि तो आपल्याला खुपतो, एवढेही बदलून मागण्यास पुरेसे कारण आहे. ते मागताना संकोच बाळगू नये. पुण्यातून किंवा मुंबईतून चाकू परत पाठवायचा असता तर कुरिअर आणि सीमाशुल्काच्या खटाटोपामुळे मी वेगळे सांगितले असते, पण आपण निर्मात्याच्याच देशात आहात.

पाठवायचे ठरले, तर निर्मात्याला किंवा विक्रेत्याला लिहिताना तक्रारींची यादी लांबवू नका. लॉकच्या बैठकीचा, मिटलेल्या पात्याचा आणि टोकाकडून दिसणाऱ्या उताराचा असे स्पष्ट फोटो जोडा, मूळ पावतीची प्रत द्या, आणि चाकू बदलून हवा आहे की दुरुस्त करून, ते पहिल्याच ओळीत लिहा. दुरुस्ती मागितली असेल, तर नव्या पात्याची किंवा पट्टीची चाल बदलू शकते, म्हणून परत आल्यावर लॉकची हीच तपासणी पुन्हा करा. पार्सल विमा उतरवून आणि सहीने पोच घेण्याच्या अटीवरच पाठवा.