बेकारभत्ता दिला की लोक आळशी होतात का? डेन्मार्कमध्ये काय चित्र आहे?

नाही होत, निदान डेन्मार्कमध्ये तरी नाही. तिथे नोकरी गेली तर आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो, साधारण दोन वर्षं. वर कमाल मर्यादा असल्याने खरा आधार कमी पगारवाल्यांनाच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हाच काळ फार तर २६ आठवडे. तरीही १५ ते ६४ वयात नोकरीधंदा करणाऱ्यांचं प्रमाण डेन्मार्कमध्येच जास्त आहे.

कारण हा भत्ता घरबसल्या मिळत नाही. आधी बेकारी विमा निधीचं सभासद होऊन हप्ते भरावे लागतात. नोकरी गेली की रोजगार केंद्रात नाव नोंदवायचं, कुठे कुठे अर्ज केले त्याची नोंद ठेवायची, बोलावलं की भेटीला जायचं. योग्य काम विनाकारण नाकारलं तर भत्ता थांबतो. मालकालाही माणूस कमी करणं तुलनेने सोपं, म्हणून तो नवीन माणूस घ्यायला कचरत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाळणाघर. त्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा आईवडील देतात, बाकीचा नगरपालिका. त्यामुळे बाळंतपणानंतर बाईची नोकरी सुटत नाही. आपल्याकडे किती शिकलेल्या मुली इथेच अडकतात!

आणि काम करायची तयारी दाखवून आधार घेणं महाराष्ट्राला नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बायाबापड्या रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या. त्यांनी काम मागितलं होतं, भीक नव्हे. १९७७ मध्ये त्याचा कायदाही झाला.