अँटिऑक्सिडंटचा डबा, करडईचं तेल आणि शुगर

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. परभणी जिल्ह्यातून लिहितोय, वय ४७, आडत दुकानावर बसून काम. तीन महिन्याची शुगर ७.४ आली, गोळी चालू हाय. मेहुणे अँटिऑक्सिडंटचा डबा विकतात, म्हणायलेत की अंगात गंज चढलाय म्हणून शुगर होते, सहा महिने हे घ्या, गोळी सुटंल. घेऊ का? बायको भावाच्या बाजूनं बोलायलीय.

उत्तर: गोळी मनानं बंद करायची नाही, हे आधी. मेहुण्यांना चहा पाजा, डबा परत द्या.

पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का, म्हणून तर असे डबे खपतात. पेशीत साखर आणि चरबी जळून ऊर्जा तयार होते ना, तेव्हा थोडे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे चंचल कण, निघतातच, आणि त्यांना आवरायची यंत्रणा शरीराकडं स्वतःचीच असते. रोज गरजेपेक्षा जास्त खाणं आलं, वर दिवसभर बैठक, पोट सुटलेलं, की निघणारे जास्त आणि आवरणारं कमी पडतं, यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग इन्सुलिनचं पेशी नीट ऐकत नाहीत, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, शुगर वाढते आणि वाढलेली शुगर परत तेच सगळं वाढवते.

मग बाहेरून अँटिऑक्सिडंट, म्हणजे हे फ्री रॅडिकल आवरणारे पदार्थ, टाकले की काम झालं, असं शास्त्रज्ञांनाही वाटलेलं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला तर बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट जास्त निघाला. २००० मधल्या होप ट्रायलमध्ये हार्टचा धोका जास्त असलेल्यांना, त्यात शुगरवालेही बरेच होते, व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं दिलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. आणि २००९ चा जर्मनीतला एक छोटा अभ्यास मला फार आवडतो, व्यायाम करणाऱ्या तरुणांना व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या डोसच्या गोळ्या दिल्या तर व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारायला पाहिजे ते सुधारलंच नाही, कारण व्यायामात निघणारे थोडे फ्री रॅडिकल हाच शरीराला तयारी करायचा इशारा असतो. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असंच दिसलं असं नाही, पण पैसे घालून डबा घ्यावा असं तर कशातच दिसलं नाही.

तुम्ही आडतीवर किती चहा घेता ते लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यासोबत अर्धा कप, दोन चमचे साखर, ते कमी करण्यापासून सुरू करा. जेवल्यावर पंधरा मिनिटं मोंढ्यातच चक्कर मारा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टच, चार खाऊन ‘मी गहू सोडला’ म्हणू नका, दोन खा आणि वरण, मटकी, अंबाडी किंवा मेथीची भाजी वाढवा. तंबाखूची पुडी असेल खिशात तर तीही बंद.

प्रश्न: करडईचं तेल हार्टला चांगलं म्हणून घाण्यावरून आणते. पापड-भजे तळून उरलेलं आठवडाभर भाजीला वापरलं तर चालतं का? (गृहिणी, लातूर)

उत्तर: ताई, तेल चांगलं, तुमचा वापर चुकतोय. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक अ‍ॅसिड नावाचं स्निग्धाम्ल असतं, ते हार्टला बरं, पण हवा आणि उष्णतेनं लवकर खराब होणारं, परत परत तापवलं की त्यात अल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. हॉटेलवाल्यांना तळणाच्या तेलात असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की तेल फेकायचा नियम आहे, २०१८ पासून. घरी मोजता येत नाही, म्हणून तळायला थोडंच तेल घ्या, शेंगदाण्याचं घ्या, आणि उरलेलं काळं पडलं, फेस यायला लागला, वास मारला की टाकून द्या. करडईचं तेल फोडणीला, नाहीतर सरळ चटणीवर कच्चं, आपल्याकडं खातातच की तसं. बाटली उन्हात ठेवू नका.

प्रश्न: जालन्याकडं मोसंबीची बाग हाय, शुगरला ज्यूस चालतो का?

उत्तर: मोसंबी सोलून खा, एखादी. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात आणि चोथा टाकून देतो आपण, शुगर पटकन चढते. हां, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन घाम फुटला, हातपाय थरथरले, मशीनवर शुगर ७० च्या खाली दिसली, तर मात्र अर्धा ग्लास ज्यूस लगेच प्या.