खोंडाबरोबर जन्मलेली जुळी कालवड गाभण राहत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाईला खोंड आणि कालवड असं जुळं झालं, खोंड तिसऱ्या दिवशी दगावला, आणि शेजारी म्हणतात की ही कालवड कधी गाभण राहणार नाही. शेजारी सांगतात ती अंधश्रद्धा नाही. खोंडाबरोबर जन्मलेली कालवड शंभरात नव्वदहून जास्त वेळा वांझच निघते. तुमचा खोंड तिसऱ्या दिवशी दगावला म्हणून तिच्यात काही फरक पडत नाही. जे व्हायचं ते पोटातच होऊन गेलेलं असतं. मी वाळवा तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. आमच्याकडे ऊस आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या दुधाळ गाई दोन्ही भरपूर, त्यामुळे कराडकडच्या तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन दरवर्षी कुणीतरी येतंच.

आता कारण. कालवडीला आईबापाकडून दोन एक्स गुणसूत्रं मिळालेली असतात, म्हणजे बीजात काही खोट नसते. खोंडाकडे एक्स आणि वाय. वायवर एसआरवाय नावाचा एक जनुक असतो (तो 1990 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधला), तो चालू झाला की गर्भात वृषण तयार होऊ लागतात. गाय गाभण राहिल्यावर साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे घडतं, आणि बहिणीचा बीजांडकोश त्यानंतर आकार घेतो. तोवर दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या गेलेल्या असतात. भावाच्या वृषणातून निघणारा, गर्भाशयाची वाढ रोखणारा हार्मोन त्या रक्तातून सरळ बहिणीकडे जातो. भावाला तो लागतोच, कारण त्याला गर्भाशय नको असतं. बहिणीचं मात्र गर्भाशय खुरटतं, बीजांडकोश धड बनत नाही. बाहेरून निरण (योनीचं तोंड) बहुतेक वेळा चांगल्या कालवडीसारखीच दिसते, आणि फसगत होते ती इथेच.

अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी 1916 साली शिकागोच्या कत्तलखान्यातून आणलेले जुळे गर्भ वारेसकट तपासून हे रक्ताचं कोडं सोडवलं, तेही हार्मोनची नावं ठाऊक नसताना. पुढे 1945 साली रे ओवेन या शास्त्रज्ञांना दिसलं की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही टिकून राहतात. म्हणजे शरीराने परक्या पेशी नाकारल्या नव्हत्या, आणि माणसात अवयव बसवण्याच्या शास्त्राला यातून मोठा धागा मिळाला. गोठ्यातून निघालेलं ज्ञान, पण गोठ्यातच कुणाला माहीत नसतं!

तपासणी सोपी आहे. कालवड महिन्याच्या आतली असेल तर डॉक्टरांना बोलवा. गुळगुळीत, गोल टोकाची नळी जेल लावून हलक्या हाताने निरणीत सरकवतात. चांगल्या कालवडीत ती 12 ते 15 सेंमी आत जाते, फ्रीमार्टिनमध्ये 5 ते 8 सेंमीवरच अडते. निरणीच्या खालच्या टोकाला केसांचा जाड झुपका असेल तर संशय आणखी वाढतो. हे घरी काडी घालून करू नका, इजा होते. खात्रीच हवी तर रक्ताची पीसीआर (म्हणजे वाय गुणसूत्राचा अंश शोधणारी) तपासणी होते. कालवडीच्या रक्तात वाय सापडला की विषय संपला. न तपासता दोन वर्षं वैरण-पेंड घालायची आणि माजावर येण्याची वाट बघत बसायचं, हे मला पटत नाही.

एका गोठ्यात हे समजावत होतो, तर घरातल्या वहिनींनी हळूच विचारलं, "आमची पण जुळी, मुलगा-मुलगी. मुलीला काय होणार नाही ना?" नाही. माणसात मुलगा-मुलगी जुळ्यांच्या रक्तवाहिन्या सहसा अशा जोडल्या जात नाहीत.

तुमचा शेवटचा प्रश्न, गाईत दोष आहे का? नाही. तिला पुन्हा जुळं होऊ शकतं, पण पुढच्या वेळी एकच कालवड झाली तर ती व्यवस्थित गाभण राहील. सॉर्टेड सीमेन वापरलंत तर दहात नऊ वेळा कालवडच होते, कारण त्या रेतात एक्सवाले शुक्राणूच निवडून घेतलेले असतात. मग जुळं झालं तरी बहुधा दोन्ही कालवडीच, आणि दोन कालवडींनी एकमेकींचं काही बिघडत नाही.