उत्तर शनिवारी मिळायचं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा गप्पा मारताना तू तीनदा मोबाइलवर काही शोधलंस आणि तिन्हीदा उत्तर सापडलं. निघताना जिन्यात मी विचारलं, पहिला प्रश्न काय होता रे? तुला आठवेना. टोमणा नाही हा, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

१९९३ साली मी आठवीत होते. विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. सदाशिव पेठेतल्या आमच्या अख्ख्या वाड्यात फोनसुद्धा एकच, मालकांकडे. प्रश्न पडला की वहीत लिहायचा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की नगर वाचन मंदिर गाठायचं.

कोजागरीला गच्ची झाडताना चंद्र उगवला, चांगला परातीएवढा. वर चढल्यावर लहान का होतो? वहीत मी ऐटीत लिहिलं, ‘हवा भिंगासारखी काम करते.’ शनिवार लांब होता, स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पंचिंग मशीनने पुठ्ठ्याला भोक पाडलं, हात ताठ लांब धरला, एक डोळा मिटला. उगवता चंद्र भोकात जेमतेम मावला. रात्री अकराला पुन्हा गच्चीवर. तेवढाच! माझं भिंग गेलं. शनिवारी पुस्तकातही तेच निघालं: हा आपल्या नजरेचा खेळ, हवेने चंद्र उलट किंचित चपटा दिसतो. हा खेळ नेमका का होतो, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

तो काळ फार छान होता, असं मात्र समजू नकोस. हवं ते पुस्तक हमखास कुणीतरी नेलेलं असायचं. बारावीनंतर एका प्रवेशाची मुदत मला कळलीच नाही. नोटीस कॉलेजच्या फळ्यावर आणि मी तापाने घरात. वर्ष गेलं. आज ती नोटीस मला अंथरुणातच दिसली असती.

तेव्हा बसची वेळ, डॉक्टरांचा नंबर खुशाल लगेच बघ. पण एखादा प्रश्न खरोखर तुझा असेल, तर आधी स्वतःचा अंदाज लिही, खाली तारीख घाल आणि निदान संध्याकाळपर्यंत शोधू नकोस. अंदाज चुकेल. माझे बहुतेक चुकले. ती वही अजून आहे, आलास की दाखवते. अक्षराला हसायचं नाही.

येत्या पौर्णिमेला जेवायलाच ये. चंद्राचं उत्तर मी सांगून बसले, तेव्हा प्रश्न दुसरा आण. अंदाज लिहूनच आण.

तुझी,
काकू