परभणीत राहून, प्रेस नसताना, हाताने छापलेलं आणि हाताने बांधलेलं चित्रपुस्तक करता येईल का? सुरुवात लिनोपासून करू की एचिंगपासून?

करता येईल, आणि त्यासाठी पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. लिनो (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापणं) की एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने खाचा पाडून छापणं) हे मात्र नंतर बघा. आधी पुस्तक उघडणार कसं, ते ठरवा. छाप उत्तम काढणारे बरेच जण शेवटी दहा-बारा छाप एका पुठ्ठ्यात शिवतात आणि त्याला आर्टिस्ट बुक, म्हणजे पुस्तक हीच कलाकृती, म्हणतात. माझ्या मते तो अल्बम. पान उलटण्याचा, घडी उलगडण्याचा चित्राशी काहीतरी संबंध हवा.

एकदा अंबाजोगाईला जाऊन या. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) तिथे पंचीकरण हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नाही, पासोडीवर, म्हणजे जाड पांघरुणाच्या कापडावर. कापड सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. एवढ्या लांबीचा मजकूर मांडीवर घेऊन वाचता येत नाही, वाचणाऱ्याला जागचं हलावं लागतं. आकारानेच वाचनाची रीत ठरवली. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा माणूस मला आजच्या कुठल्याही आर्टिस्ट बुकवाल्याइतकाच जवळचा वाटतो. पोथीचंही तसंच. सुटी पानं, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. शिवण नाहीच. पहिल्या प्रयोगाला पोथी सोपी पडते, पण पानांची सलगता हवी असेल तर मी तुम्हाला घडीचं पुस्तक सुचवीन, म्हणजे पंख्यासारखं उलगडणारं.

समजा विषय गोदावरी घेतला: पैठण, गंगाखेड, नांदेड. नदी पहिल्या पानावर शिरते आणि शेवटच्या पानातून बाहेर पडते, मधे कुठे तुटत नाही. इथे खरी गंमत आहे, आणि खरी डोकेदुखीही. प्रत्येक पानाचा ठसा वेगळा, पण नदीची रेषा एका ठशातून ज्या उंचीवर बाहेर पडेल त्याच उंचीवर ती पुढच्यात शिरली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा घडीवर डोळ्यात खुपतो. म्हणून सगळे ठसे आधी एका ओळीत मांडा, चित्र सलग काढा आणि मगच कोरायला घ्या. छापताना जाड पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा, ठसा आणि कागद दोन्ही त्याच कोनात टेकवत चला. छाप उलटा उमटतो, त्यामुळे चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालून ठशावर उतरवायचं. हे विसरलात तर तुमची गोदावरी नांदेडहून पैठणला वाहील.

अक्षरं कोरायची असतील तर हाच उलटेपणा जास्त छळतो. तरी आपल्याकडे ते फार पूर्वी झालेलं आहे. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर देवनागरी कोरून. तुम्ही सुरुवातीला गावांची नावं तेवढी कोरा, जोडाक्षरांच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमचा प्रेसचा प्रश्न. एचिंग किंवा ड्रायपॉइंटमध्ये (पत्र्यावर थेट सुईने ओरखडून केलेल्या छापात) शाई खाचेत बसते. ओला कागद त्या खाचेत दाबून घुसवावा लागतो, म्हणून रुळाचा प्रेस लागतोच. शिवाय ॲसिड घरात आणू नये या मताची मी आहे. लिनो आणि लाकडाच्या ठशात शाई वरच्या सपाटीवर असते, तिथे हाताचा दाब पुरतो. लाकडी चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत बुडाची वाटी घ्या आणि मधून कडेकडे गोल घासा. कागदाचा एक कोपरा उचलून बघायचा, शाई कमी वाटली तर पुन्हा टेकवून घासायचं. लिनोत जे कोराल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. नंदलाल बोसांचा १९३० चा काठी घेतलेल्या गांधीजींचा छाप शोधून बघा. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, त्यात सगळी चाल येते. तुमची नदीही अशी कोरून काढलेली पांढरी रेषा ठेवली तर काम निम्मं होईल.

लिनो कडक लागला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ होतो. आपल्याकडे उन्हाची काय कमी! तेच ऊन शाईला मात्र मारक. एप्रिल-मे महिन्यात पाण्यातली शाई काचेवर पसरेपर्यंत वाळते, म्हणून तेलाची घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे ऑफसेटच्या शाईच्या डब्यात तळाशी उरलेली असते, थोडी मागितली तर देतात. घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचा थेंब टाका. हात आणि काच पुसायला करडईचं तेल आणि मग साबण. एक गोष्ट गंभीरपणे सांगते: जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळे आपोआप पेटू शकतात. ते मोकळे पसरून वाळवायचे.

कागदासाठी एक चक्कर कागजीपुऱ्याची. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासूनची ही कागदी मंडळी असं तिथे सांगतात. हातकागदाला गिरणीच्या कागदासारखी एका दिशेची शीर, म्हणजे तंतूंचा कल, जवळपास नसते, त्यामुळे घडी कुठल्याही बाजूने घाला, तडकत नाही. गिरणीचा कागद वापरलात तर शीर घडीला समांतर ठेवा. जाड, खडबडीत हातकागदावर मात्र चमच्याने छाप एकसारखा येत नाही. पातळ घ्या, किंवा आदल्या रात्री पाण्याचा हलका फवारा मारून प्लॅस्टिकखाली दाबून ठेवा. २२ × ३० इंचाच्या कागदातून ७ इंच उंचीच्या ३ पट्ट्या निघतात, प्रत्येक पट्टीत ७ इंची ४ पानं आणि पुढची पट्टी चिकटवायला अर्धा इंच. म्हणजे एका कागदात १२ पानांचं एक पुस्तक.

चिकटवायला मैद्याची खळ. बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. मोरचूद विषारी, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. घडीच्या पुस्तकाला दोन टोकांना दोन पुठ्ठे लावले की झालं. पुढे शिवणीचं पुस्तक करावंसं वाटलं, तर दिवाळीत मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांसाठी लाल चोपड्या बांधणारा एखादा जुना बाइंडर गाठा. जुजबंदी, म्हणजे घडीच्या पानांचे गठ्ठे एकत्र शिवणं, दाभणाने कशी घालतात, दोऱ्याला मेण किती, हे व्हिडिओपेक्षा त्याच्या शेजारी बसून लवकर कळतं.

प्रती ठरवताना हिशोब करा. ८ प्रती × १२ पानं म्हणजे ९६ छाप, तेही हाताने घासून. बिघडतील म्हणून प्रत्येक पानाचे दोन-तीन जास्तच काढा. ८ पेक्षा पुढे पहिल्या खेपेला जाऊ नका. मनगट बोलायला लागतं. छाप वाळले, पट्ट्या जोडल्या की शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने १/८, २/८ असं लिहून सही करा, आणि ठसे जपून ठेवायचे की मोडायचे हे त्याच दिवशी ठरवून टाका. ८ प्रती म्हणून विकल्यावर नववी काढणं मला पटत नाही.