स्वमग्न की आत्ममग्न?

बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: शाळेत ऑटिझमवर पाठ घ्यायचा आहे, तर 'स्वमग्न' म्हणू की 'आत्ममग्न'?

'आत्ममग्न' नको, तो कवींच्या वाट्याला कधीच गेला. उरला 'स्वमग्न', तर त्याचीही हल्ली धूळधाण चालली आहे. कुणाचे ऐकत नाही तो पुढारी स्वमग्न, मोबाइलमधून मान वर काढत नाही तो जावई स्वमग्न! लेकरांच्या निदानाचा शब्द शिवीसारखा वापरताना जीभ अडखळत कशी नाही?

'ऑटिझम'मधला ग्रीक 'आउटोस' म्हणजे 'स्व', म्हणून 'स्वमग्न' हे भाषांतर अचूक, असे पारिभाषिक कोशांचे कैवारी सांगतात. अचूक, पण चुकीचे! स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११च्या ग्रंथात 'ऑटिझम' हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला होता. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करताना तोच उचलला. मग मूल 'स्वतःत शिरले' म्हणजे आईची माया आटली असणार, असा तर्क निघाला. ब्रूनो बेटलहाइम यांनी तो गाजवला, मुलांना आईबापांपासून दूर ठेवणे हाच उपचार ठरवला. बर्नार्ड रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली सांगितले की ऑटिझमचे मूळ जैविक आहे. आज आईवडिलांनाच उपचारात सोबत घेतात, न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्डे देतात.

माझा जीव मात्र 'मग्न'वर आहे. धातू मस्ज्, म्हणजे बुडणे. लॅटिन 'मर्गेरे' त्याचा सख्खा भाऊ, आणि त्यातूनच 'वर येणे' या अर्थाने निघालेली आपली रोजची 'इमर्जन्सी'! धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, तर 'शुद्धौ', म्हणजे 'शुद्ध होणे', असा अर्थ देतो. मज्जन म्हणजे स्नान. याच धातूचा 'मद्गु', म्हणजे पाणकावळा. तो बुडतो तो मासा घेऊन वर येण्यासाठी. 'मग्न म्हणजे हरवलेला' म्हणणाऱ्यांनी एकदा तलावाकाठी बसून पाहावे.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा चौथा पाद, म्हणजे चौथा भाग, हाच मद्गु शिकवतो, आणि त्या पादाच्या कला, म्हणजे अंशे, कोणत्या? प्राण, डोळा, कान, मन. शाळेची घंटा वाजली की कान घट्ट झाकून घेणाऱ्या मुलाबद्दल वर्गात बोलायचे असेल, तर पाठाची सुरुवात या पाणकावळ्यापासून करा.